मुंबईत आलात आणि दारातूनच परत पाठवलं? पाहुण्यांच्या हक्कांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फिरायला, उपचाराला, परीक्षेला किंवा नातलगांकडे म्हणून मुंबईत येणाऱ्यांकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आत्ता या क्षणी लॉजच्या काउंटरवर उभे असाल तर आधी प्रश्न १६ वाचा, बाकीचं नंतर.

१. मी मुंबईचा नाही, दोन दिवसांसाठी आलोय. भेदभावाविरुद्धचे हक्क मला लागू होतात का?

हो, जसेच्या तसे. हे हक्क रेशनकार्डावरच्या पत्त्यावर ठरत नाहीत. राज्यघटनेच्या कलम १९ नुसार भारतीय नागरिक देशात कुठेही फिरू शकतो, राहू शकतो. कॅमेरा गळ्यात अडकवून गेटवेला आलेला माणूसच पाहुणा असतो असंही नाही. आईला टाटा रुग्णालयात दाखवायला परळला आलेला मुलगा, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आलेलं कुटुंब, मुलाखतीसाठी आलेली मुलगी, सगळे इथे पाहुणेच. परदेशी नागरिकांची स्थिती थोडी वेगळी आहे, ती प्रश्न ९ मध्ये.

२. नेमक्या कोणत्या कारणावरून मला नाकारता येत नाही?

राज्यघटनेच्या कलम १५(२) मध्ये पाच कारणं आहेत: धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान. केवळ यांपैकी एखाद्या कारणावरून कोणाही नागरिकाला दुकान, सार्वजनिक उपाहारगृह, हॉटेल किंवा करमणुकीच्या जागी जाण्यापासून अडवता येत नाही. सरकारी पैशांवर चालणारे किंवा सर्वांसाठी खुले केलेले रस्ते, विहिरी, स्नानघाटही यात येतात. मूलभूत हक्क बहुतेक वेळा सरकारविरुद्ध वापरायचे असतात. हे कलम मात्र खासगी हॉटेलवाल्यालाही बांधतं, आणि पाहुण्यासाठी सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे.

याशिवाय दिव्यांग (२०१६), तृतीयपंथी (२०१९) आणि एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्ती (२०१७) यांच्यासाठी वेगळे कायदे आहेत. वय, लग्न झालंय की नाही, भाषा, कपडे, आहार ही कारणं कलम १५(२) मध्ये नाहीत. त्यामुळे पंचविशी न गाठलेल्या पाहुण्याला बारमध्ये व्हिस्की नाकारली तर तो भेदभाव ठरत नाही. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षांची अट कायद्यानंच घातली आहे.

३. ‘प्रवेशाचा हक्क राखून ठेवला आहे’ अशी पाटी असते. मग मालक कोणालाही नाकारू शकतो ना?

नाही. दारू पिऊन धिंगाणा घालणारा, बिल न देणारा, ओळखपत्र दाखवायला नकार देणारा अशांना मालक बाहेर काढू शकतो. पाटी नसती तरी काढू शकला असता. पण राज्यघटनेनं किंवा कायद्यानं जे करायला मनाई केली आहे, ते पाटी लावून करता येत नाही. पाटीकडे बोट दाखवलं गेलं तर शांतपणे एवढंच विचारा: “कोणत्या कारणासाठी नाकारताय?” हा प्रश्न का महत्त्वाचा आहे ते पुढच्या दोन उत्तरांत कळेल.

४. फोनवर खोली आहे म्हणाले, आधारवरचं आडनाव पाहिलं आणि खोली संपली म्हणाले. हे जातीवरून झालं हे मी सिद्ध कसं करू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तो सगळ्यात जुनाही आहे. १९१७ मध्ये परदेशातून शिकून आलेल्या डॉ. आंबेडकरांना बडोद्यात राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी धर्मशाळेत पारशी असल्याचं सांगून राहावं लागलं. ओळख उघड झाल्यावर काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना ती जागाही सोडावी लागली. त्यानंतर सहा वर्षांनी, ४ ऑगस्ट १९२३ रोजी, मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा, दवाखाने यांच्याबरोबर धर्मशाळाही अस्पृश्य मानलेल्या सर्वांना खुल्या कराव्यात, असं त्यात होतं. महाडचं चवदार तळं आपल्याला आठवतं, कारण तो सत्याग्रह याच ठरावाच्या अंमलासाठी होता. ठरावातली धर्मशाळा मात्र आपण विसरलो. प्रवाशाला रात्री डोकं टेकायला जागा मिळणं हा प्रश्न तेव्हापासून कायद्याच्या कागदावर आहे.

आजचा कायदा या बाबतीत भक्कम आहे. नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ च्या कलम ४ नुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून दुकान, हॉटेल, धर्मशाळा, मुसाफिरखाना नाकारणं हा गुन्हा आहे. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि दंड. ‘हॉटेल’ या शब्दात लॉज, खाणावळ, कॅफे सगळं येतं. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर कलम १२ मध्ये आहे. नकार अनुसूचित जातीच्या व्यक्तीला दिला गेला असेल, तर तो अस्पृश्यतेच्या कारणावरूनच दिला असं न्यायालय गृहीत धरतं. तसं नव्हतं हे समोरच्यानं सिद्ध करायचं असतं.

त्याहून कडक आहे १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा, म्हणजे ॲट्रॉसिटी. २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला दुकानात, करमणुकीच्या ठिकाणी किंवा कोणत्याही सार्वजनिक जागी जाण्यापासून अडवणं यात येतं. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं. गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी करण्याची गरज नाही, हेही २०१८ च्या दुरुस्तीनं स्पष्ट केलं आहे. मार्गदर्शनासाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६६.

‘खोली संपली’ हे खोटं होतं हे दाखवायचा सोपा मार्ग प्रश्न १६ मध्ये दिला आहे.

५. नाव मुस्लिम आहे म्हणून नाकारलं. इथेही तोच कायदा लागू होतो का?

नाकारणं घटनाबाह्य आहे, कारण कलम १५(२) मध्ये धर्म हा पहिलाच शब्द आहे. पण प्रश्न ४ मधले दोन्ही कायदे जातीसाठी आहेत. धर्मावरून खोली नाकारणाऱ्या खासगी लॉजमालकाला थेट शिक्षा सांगणारा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. ही मोठी फट आहे आणि तिचा त्रास दरवर्षी कितीतरी कुटुंबांना होतो. राज्यघटनेनं जे मनाई केलं त्यासाठी संसदेनं कायदा करायला हवा होता, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

म्हणून तुम्ही हतबल आहात असं नाही. आगाऊ बुकिंग केलं होतं, पैसे भरले होते आणि दारात नकार मिळाला, तर ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा आहे (प्रश्न १७). नकाराबरोबर शिवीगाळ किंवा धमकी झाली असेल तर पोलिसांत तक्रार होते. ॲपवरून बुकिंग असेल तर ॲप कंपनीकडे त्याच दिवशी लेखी तक्रार टाका. खोली नाकारल्याचा पुरावा तिथल्या तिथे तयार होतो.

“पोलिसांचाच आदेश आहे” असं सांगण्याची पद्धतही फार पसरली आहे. आदेशाची प्रत मागा. धर्म पाहून खोली नाकारा असा आदेश पोलिसांना काढता येत नाही.

६. एकट्या बाईला खोली देत नाही म्हणाले. ‘तुमच्याच सुरक्षेसाठी’ असं कारण दिलं.

बाई आहे म्हणून नाकारणं हा लिंगावरून भेदभाव आहे. सुरक्षेची काळजी असेल तर हॉटेलनं कॅमेरे लावावेत, कडी नीट करावी, रात्री काउंटरवर माणूस ठेवावा. रात्री दहा वाजता बॅग घेऊन बाईला रस्त्यावर पाठवून कोणाचीही सुरक्षा होत नाही. असा प्रसंग रात्री आला तर वाद घालत बसू नका. ११२ वर फोन करा, आधी सुरक्षित जागी पोहोचा, तक्रार सकाळी करा.

७. आमचं लग्न झालेलं नाही. एकत्र खोली घेणं गुन्हा आहे का?

गुन्हा नाही. दोन सज्ञान व्यक्तींनी हॉटेलची खोली घेण्याला कोणत्याही कायद्यानं मनाई केलेली नाही. डिसेंबर २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं कोइम्बतूरच्या एका प्रकरणात हे स्पष्ट सांगितलं. समलिंगी जोडप्यांनाही हेच लागू. ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर सज्ञान व्यक्तींचे संमतीचे संबंध गुन्हा राहिलेले नाहीत.

पण इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. पोलीस तुम्हाला पकडू शकत नाहीत, ही एक. हॉटेल तुम्हाला खोली द्यायला बांधील आहे का, ही दुसरी, आणि तिथे उत्तर कमकुवत आहे, कारण वैवाहिक स्थिती कलम १५(२) मध्ये नाही. काही हॉटेलं असा नियम उघड जाहीर करतात. म्हणून बुकिंगच्या अटी आधी वाचा आणि स्क्रीनशॉट ठेवा. अटींत काही नसताना दारात नाकारलं तर पैसे परत आणि भरपाई दोन्ही मागता येतात.

ऑगस्ट २०१५ मध्ये मढ-अक्सा भागातल्या हॉटेलांवर छापे घालून पोलिसांनी चाळीसेक जोडप्यांना ताब्यात घेतलं होतं. सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तनाचं कलम लावलं, पण ती माणसं बंद खोल्यांत होती. बरीच टीका झाली आणि चौकशीचे आदेश निघाले. तुमच्या बाबतीत असं काही घडलं तर पोलिसाचं नाव, ठाणं आणि लावलेलं कलम विचारा. घरी फोन करण्याची धमकी कायद्यात कुठेही बसत नाही.

८. आम्हाला आधारच हवं म्हणाले. आणि मी पनवेलचा, तर ‘लोकल आयडी चालत नाही’ म्हणाले.

सरकारी ओळखपत्र मागणं योग्य आहे. ते आधारच असावं अशी सक्ती खासगी हॉटेल करू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानं खासगी कंपन्यांचा तो अधिकार काढला. मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट चालतं. आधारच द्यायचं असेल तर शेवटचे चार आकडे दिसणारी मास्क्ड प्रत द्या.

‘लोकल आयडी’चा नियम हा हॉटेलांनी स्वतःच केलेला आहे. त्याला कायद्याचा आधार नाही, पण स्पष्ट बंदीही नाही. पत्ता म्हणजे जन्मस्थान नव्हे, त्यामुळे कलम १५(२) इथे ओढूनताणून लावावं लागतं. बुकिंगच्या अटींवर बोट ठेवणं जास्त उपयोगी.

९. माझा चुलतभाऊ अमेरिकेचा नागरिक आहे. ‘फॉरेनर घेत नाही’ म्हणून लॉजनं परत पाठवलं.

यामागे बहुतेक वेळा कागदपत्रांचा कंटाळा असतो. परदेशी पाहुणा आला की हॉटेलला त्याची माहिती देणारा फॉर्म (आधी याला ‘सी फॉर्म’ म्हणत) २४ तासांत ऑनलाइन भरावा लागतो. तो भरणं हॉटेलचं काम आहे.

कायद्याच्या बाजूनं पाहिलं तर कलम १५ ‘नागरिक’ म्हणतं, म्हणून परदेशी पाहुण्याला त्याचा आधार घेता येत नाही. कलम १४ (समानता) आणि २१ (जीवित आणि स्वातंत्र्य) ‘व्यक्ती’ म्हणतात, ती त्यालाही आहेत. हावडा स्थानकाच्या यात्री निवासात अत्याचार झालेल्या बांगलादेशी महिलेला सर्वोच्च न्यायालयानं २००० साली भरपाई मंजूर केली ती याच आधारावर. खासगी लॉजविरुद्ध मात्र व्यवहारात ग्राहक आयोगच उपयोगी पडतो. मदतीसाठी पर्यटन मंत्रालयाची १३६३ ही हेल्पलाइन हिंदी-इंग्रजीसह बारा भाषांत चोवीस तास चालते.

१०. घारापुरीला आम्हाला ४० रुपये आणि त्याच भावाला ६०० का?

हा भेदभाव धरला जात नाही. जागतिक वारसा यादीतल्या केंद्र सरकारच्या स्मारकांवर परदेशी नागरिकांसाठी दर वेगळा आहे. सार्क आणि बिमस्टेक या शेजारी देशांच्या गटांतल्या नागरिकांना भारतीय दर, १५ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत. भावाकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) असेल तर त्यालाही भारतीय दरच लागतो, पण कार्ड जवळ हवं. बरेच जण ते घरी ठेवून येतात.

११. आम्ही मणिपूरचे. प्रत्येक ठिकाणी पासपोर्ट मागतात आणि नको ते बोलतात.

भारतीय नागरिकाला भारतात खोली घ्यायला पासपोर्ट लागत नाही. चेहरा पाहून तो मागणं म्हणजे वंशावरून भेदभाव. आधार किंवा मतदार ओळखपत्र दाखवल्यावरही अडवलं तर पुढचा रस्ता प्रश्न ५ सारखाच. हिणवणं, शिव्या देणं यासाठी भारतीय न्याय संहितेतली कलमं आहेत, पोलिसांत जा. मराठी माणसांना एक विनंती: रांगेत तुमच्या पुढे हे घडताना दिसलं तर साक्षीदार म्हणून नाव-नंबर द्या. बाहेरून आलेल्याकडे साक्षीदारच नसतो.

१२. वडील व्हीलचेअरवर आहेत. ‘आमच्याकडे जिने आहेत, नको’ असं सांगितलं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात भेदभावाला मनाई आहे आणि ‘वाजवी सोय’ करून देण्याचं बंधनही आहे. तळमजल्यावरची खोली देणं, फळी टाकून उतार करणं, दोन माणसांची मदत देणं हे त्यात बसतं. कायदा मोडला तर पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत दंड. तक्रार पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे करता येते. वडिलांना लोकांसमोर मुद्दाम अपमानित केलं असेल तर तो स्वतंत्र गुन्हा आहे, शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं.

लोकलमधल्या दिव्यांगांच्या डब्यात कर्करुग्ण आणि गर्भवती महिलाही बसू शकतात. परळला येणाऱ्या अनेकांना हे ठाऊक नसतं आणि ते सामान्य डब्यात चेंगरत येतात.

१३. मी ट्रान्सजेंडर आहे. ओळखपत्रावर जुनं नाव आहे म्हणून नाकारलं.

२०१९ च्या कायद्यानं सेवा, निवास आणि सार्वजनिक जागांच्या वापरात भेदभावाला मनाई केली आहे. सार्वजनिक जागी जाण्यापासून अडवलं तर सहा महिने ते दोन वर्षं शिक्षा. फोटो आणि व्यक्ती जुळत असेल तर ओळख पटवण्याचं काम झालेलं असतं. जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी दिलेलं तृतीयपंथी ओळखीचं प्रमाणपत्र असेल तर त्याची प्रत मोबाइलमध्ये ठेवा.

१४. टॅक्सीवाल्यानं नकार दिला. हाही भेदभाव का?

बहुतेक वेळा नाही. जवळचं भाडं नको म्हणून तो सगळ्यांनाच नाकारत असतो. तरी मोटार वाहन कायद्यात विनाकारण भाडं नाकारणं हा गुन्हा आहेच. गाडीचा नंबर, वेळ, ठिकाण टिपा आणि वाहतूक पोलीस किंवा आरटीओकडे द्या. १ फेब्रुवारी २०२५ पासून किमान भाडं रिक्षाला २६ आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीला ३१ रुपये झालं. वांद्रे-सायनच्या दक्षिणेला रिक्षा जातच नाही, तो नकार समजू नका.

१५. मग लेडीज डबा, ‘ओन्ली कपल्स’ पब, अग्यारी, क्लब, समाजाच्या धर्मशाळा, यांचं काय?

प्रत्येकाचं उत्तर निराळं आहे.

लेडीज डबा पूर्ण कायदेशीर आहे. कलम १५(३) महिला आणि मुलांसाठी खास तरतुदीला परवानगी देतं. आईबरोबरचा बारा वर्षांखालचा मुलगा तिथे चालतो.

एकट्या पुरुषांना पबमध्ये न घेणं सर्रास चालतं. आमच्या मते ते कलम १५(२) मध्ये अडकू शकतं, कारण ‘लिंग’ हा शब्द पुरुषांनाही संरक्षण देतो. पण एका संध्याकाळीपुरतं कोणी लढत नाही.

प्रार्थनास्थळांत धर्मसंस्थेचा स्वायत्ततेचा हक्क (कलम २६) आडवा येतो. अग्यारीत पारशी झोराष्ट्रीयांखेरीज कोणाला प्रवेश नाही, आणि त्याविरुद्ध पाहुणा म्हणून तुम्हाला काही करता येणार नाही. सार्वजनिक हिंदू मंदिरं १९५६ च्या राज्य कायद्यानं सर्व हिंदूंना खुली आहेत. हाजीअली दर्ग्याच्या गाभाऱ्यातली महिलांवरची बंदी मुंबई उच्च न्यायालयानं २६ ऑगस्ट २०१६ रोजी उठवली, आणि त्याच वर्षी महिला आत गेल्या. सिद्धिविनायकानं जानेवारी २०२५ मध्ये पोशाखाचा नियम जाहीर केला. असा नियम सर्वांना सारखा लावला तर तो भेदभाव ठरत नाही.

सभासदांपुरत्या क्लबला पाहुणे नाकारता येतात. १९८८ मध्ये चित्रकार एम. एफ. हुसेन यांना अनवाणी असल्यामुळे विलिंग्डन क्लबमध्ये प्रवेश मिळाला नव्हता. चुकीचं वाटतं, पण कायद्याच्या कक्षेत ते सहज येत नाही.

समाजाच्या धर्मशाळेचं पाहायचं ते इतकंच: ती फक्त त्या समाजासाठी राखलेली आहे, की येईल त्याला खोली देते? इतर सगळ्यांना देऊन दलित कुटुंबाला नाकारलं तर प्रश्न ४ मधला कायदा पूर्ण लागू होतो.

१६. आत्ता काउंटरवर उभा आहे. काय करू?

आवाज चढवू नका. कारण विचारा आणि फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा. तुम्ही स्वतः भाग घेत असलेलं संभाषण नोंदवताय. कारण तोंडून निघालं नाही तर व्हॉट्सॲपवर विचारा: “तुम्ही मला खोली नाकारली, कारण कळवा.” उत्तर आलं नाही तरी वेळ नोंदली जाते. मग बाहेर येऊन मित्राला त्याच लॉजमध्ये फोन करायला सांगा, किंवा ॲपवर त्याच रात्रीची खोली शोधा. खोली मिळत असेल तर स्क्रीनशॉट. ‘खोली संपली’ या खोट्याला याहून चांगलं उत्तर नाही. पाटी, दरपत्रक, काउंटरवरच्या माणसाचं नाव टिपा. मूळ फाइल फोनमधून पुसू नका, न्यायालयात तिच्याबरोबर प्रमाणपत्र जोडावं लागतं.

आणि मग झोपायची सोय बघा. मुलं, म्हातारी माणसं बरोबर असतील तर न्याय सकाळपर्यंत थांबू शकतो.

१७. उद्याची गाडी आहे. तक्रारीसाठी पुन्हा पुन्हा मुंबईला यावं लागेल का?

बऱ्याच बाबतीत नाही. लोक इथेच हार मानतात, म्हणून नीट सांगतो.

पोलीस तक्रार तुमच्या गावच्या ठाण्यातही देता येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्हा कुठेही घडलेला असो, ठाण्यानं तो नोंदवून संबंधित ठाण्याकडे पाठवायचा असतो. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. ऑनलाइन माहिती दिली तर तीन दिवसांत सही करावी लागते.

ग्राहक तक्रारीत तर कायदा सरळ तुमच्या बाजूनं आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. नांदेडच्या माणसानं दादरच्या हॉटेलविरुद्ध नांदेडलाच तक्रार करायची. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, मुदत दोन वर्षं, वकील सक्तीचा नाही. आधी १९१५ या हेल्पलाइनवर नोंद केली तर अनेकदा तिथेच पैसे परत मिळतात. अट एकच, तुम्ही ‘ग्राहक’ असायला हवं, म्हणजे पैसे भरलेले किंवा बुकिंग पक्कं झालेलं हवं. म्हणूनच मुंबईला येताना शंभर-दोनशे रुपये का होईना, आगाऊ भरून पावती घ्या.

१८. पोलिसांनीच तक्रार घेतली नाही, किंवा पोलिसांनीच अडवलं तर?

तक्रार लेखी करून पोलीस उपायुक्तांना (गावाकडे पोलीस अधीक्षकांना) टपालानं पाठवा, पोच जपून ठेवा. तरी हालचाल नसेल तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. ॲट्रॉसिटीच्या तक्रारीत हयगय करणाऱ्या लोकसेवकाला त्या कायद्याच्या कलम ४ मध्ये वेगळी शिक्षा आहे. सरकारी माणसानं हक्क तुडवला असेल तर राज्य मानवी हक्क आयोगाकडे एका वर्षाच्या आत जा. खासगी हॉटेलविरुद्ध मात्र तिथे जाऊ नका, अर्ज परत येईल.

१९. व्हिडिओ समाजमाध्यमांवर टाकला तर चालेल का?

आधी तक्रार, मग व्हिडिओ. आधी टाकलात तर समोरचा सावध होतो, पाटी उतरते, रजिस्टर बदलतं. टाकायचाच असेल तर घडलं तेवढंच लिहा. “मला या तारखेला, या वेळी, हे कारण देऊन खोली नाकारली” हे खरं असेल आणि लोकांच्या हितासाठी असेल तर बदनामीच्या दाव्यात ते टिकतं. ‘हे सगळे असेच’ अशी वाक्यं टिकत नाहीत. काउंटरवरचा मुलगा बहुतेक वेळा पगारी नोकर असतो, त्याचा चेहरा झाका. तक्रार मालकाच्या आणि आस्थापनेच्या नावानं करा.